व्याह्यांच्या रांजणातली

कोपऱ्यावर वळलो आणि तसाच पुढे चालत राहिलो, तर मागून मुर्मान ओरडला, "ओ जुंबेरकाका! आज उपास आहे की काय?" मी थांबलो. मुर्मानची पावाची भट्टी आमच्याच इमारतीच्या तळघरात आहे, आणि त्याच्याकडून पाव घेतल्याशिवाय मी सकाळचा जिना चढत नाही. "मला वाटलं, बंद आहेस आज," मी म्हणालो. तो खिडकीत उभा होता, कोपरापर्यंत पीठ, हातात नुकताच भट्टीच्या भिंतीवरून सोडवलेला लांब पाव, आणि त्या पावाची वाफ माझ्या चष्म्यावर येत होती. "बंद? अहो काका, पहाटेपासून भाजतोय! अख्ख्या गल्लीत वास सुटलाय, तिकडे पुलावरून माणसं वास घेत घेत येतात, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर राहता, तुम्हाला पत्ता नाही?" तो हसला. मग मीही हसलो. पाव वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरला. ऊब लागत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणी नाही असं बघून मी कागद बाजूला केला, नाक सरळ पावात खुपसलं आणि जोरात श्वास ओढला. गरम हवा आत गेली. नुसती हवा. पुन्हा ओढला. चोरासारखा मी तिथे उभा, नाकाच्या शेंड्याला पीठ लागलेलं, आणि खालून मुर्मान दुसऱ्या कुणाशी तरी हसत होता. माझ्यावरच हसत असेल असं मला उगीचच वाटलं.

हे दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर त्यानं आल्याचा चहा घेतला असता आणि विसरून गेला असता. मागच्याच आठवड्यात ताप येऊन गेला होता, सर्दी होती, घसा होता, जे सगळ्यांना होतं ते सगळं होतं. पण आमच्या तिबिलिसी शहरात मला माझ्या नावानं कमी आणि नाकानं जास्त ओळखतात. आयुष्यभर मी एकच काम केलं: झाकलेल्या प्याल्यातली वाइन हुंगायची, चाखायची, थुंकायची आणि सांगायचं, की ही कुठली, कशी, आणि बाजारात जाऊ द्यायची की नाही. मी मान हलवली की पिंपंच्या पिंपं परत गेलेली आहेत. लग्नकार्यात लोक मला लांबूनच प्याला दाखवतात, जसं डॉक्टरला जीभ दाखवतात. आणि येत्या रविवारी माझ्या मुलीची, तेक्लेची, बोलणी होती. मुलाचे वडील पश्चिमेकडच्या इमेरेती प्रांतातून स्वतःच्या रांजणातली वाइन घेऊन येणार होते. रिकाम्या हातानं किंवा विकतची घेऊन कुणी येत नाही, तसं येणं म्हणजे आमच्याकडे घर नाही, वेल नाही, बाप नाही असं सांगणं. आणि ती वाइन मेजावर आली की सगळे माझ्याकडे बघणार, हे ठरलेलंच. तेक्ले तर त्या मुलाला, बेसिकला, सहा महिने सांगत होती, "माझे बाबा काय म्हणतात ते बघ." आता बाबा काय म्हणणार?

बायकोला, त्सियालाला, काही बोललो नाही. का नाही बोललो? तिला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं? पण तोंडापर्यंत आलेलं दर वेळी मागे जायचं. बोललो असतो तर ते खरं झालं असतं, आणि मला अजून ते खरं व्हायला नको होतं. दुपारी तिनं राजमा वाढला. मी खाल्ला. ती कमरेवर हात ठेवून समोर उभी. "कसा झालाय?" "छान." "छान?" "छान म्हटलं ना! आता लेखी देऊ?" ती पातेलं घेऊन गेली आणि बराच वेळ नळाखाली घासत बसली. मी राजम्याचा विचारच करत नव्हतो. जिभेला मीठ कळत होतं, तिखट कळत होतं, बाकी सगळं पिठूळ. घरातले सगळे दिवे गेलेत आणि फक्त मोरीतला तेवढा चालू आहे, असं काहीतरी. मोरीतल्या उजेडात माणूस किती दिवस काढणार?

मग मी सराव सुरू केला. हसू नका. त्सियाला भावाकडे गेली की मी कपाटातून बाटल्या काढायचो आणि स्वयंपाकघरातल्या मेजावर मांडायचो: एक काखेतीची, म्हणजे आमच्याकडची, एक इमेरेतीची, एक कार्तलीची, एक राचाची ती गोडसर लाल, जी पोरीबाळींना आवडते आणि म्हाताऱ्यांनाही, पण म्हातारे कबूल करत नाहीत. डोळे मिटून प्याले सरकवायचो आणि ओळखायचो. आणि गंमत म्हणजे ओळखता येत होतं! नाक मेलं होतं, पण हिरड्या जिवंत होत्या. आम्ही काखेतीवाले द्राक्षं चिरडतो ती साली, बिया, देठांसकट जमिनीत पुरलेल्या रांजणात ओततो आणि वर झाकण लिंपून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत विसरून जातो. त्यामुळे आमची वाइन चहाच्या रंगाची, तुरट, हिरड्यांना धरून ओढणारी. आमच्या माणसांसारखीच, त्सियाला म्हणते, आधी गळा पकडतात आणि मग कोण कुठले विचारतात. इमेरेतीवाले रांजणात नुसता रस घालतात, वर चवीपुरत्या मूठभर साली. त्यांची वाइन फिकी, जिभेच्या कडांना आंबट, आणि अंगावर न येता निघून जाणारी. इमेरेतीच्या माणसाला तुम्ही पायावर पाय दिलात तर तोच तुमची माफी मागतो. त्सियालाची आई तिकडची. तिचं अर्धं रक्त साखरेचं आहे, असं मी लग्नापासून चिडवत आलोय. तर रंग डोळ्यानं, तुरट हिरडीनं, आंबट जिभेच्या कडेनं, आणि उरलेलं आठवणीनं भरून काढायचं. रविवार निघून जाईल. सोमवारचं सोमवारी बघू.

पण आठवणीचं काही खरं नव्हतं. इमेरेतीचा घोट घेतला की मला बिहीचा वास यायचा, नासपतीच्या भावंडासारख्या दिसणाऱ्या, पिवळ्या, लव असलेल्या, पिकून फुटायला आलेल्या बिहीचा. मी दचकून डोळे उघडायचो. आलं का नाक परत? मग कळायचं, की हा वास प्याल्यातला नाही. हा त्या शरद ऋतूतला, जेव्हा मी तरुण होतो, कामाच्या पहिल्या फेरीवर इमेरेतीत गेलो होतो, आणि एका घराच्या ओसरीत कुणीतरी बिह्या टोपलीत न ठेवता नुसत्याच फळ्यांवर मांडून ठेवल्या होत्या. त्या घरातल्या बाईनं मला प्याला दिला होता आणि म्हणाली होती, "साहेब, तुम्हाला काय आवडणार आमची, तुम्ही मोठ्या तोंडाचे लोक." तिचा चेहरा आठवत नाही, बिह्या आठवतात. मग काखेतीचा घोट घेतला की वडील. वडील रांजण धुवायला आत उतरायचे, अंगानं काटकुळे होते म्हणून अख्ख्या गावात त्यांनाच बोलावणं यायचं. चेरीच्या सालीच्या कुंच्यानं आतली माती घासायचे आणि गात राहायचे. गाणं थांबलं की वरच्यांनी ओढून काढायचं, असा नियम, कारण आतली हवा माणसाला गुपचूप मारते. शेवटचं पाणी उपसून झालं की ते काठावर पालथे पडून डोकं आत घालायचे आणि हुंगायचे. "कसलाच वास आला नाही म्हणजे धुतला गेला," असं म्हणायचे. आणि इथे मी, त्यांचा मुलगा, मेजावर चार प्याले मांडून बसलेलो, मला कशालाच कसला वास येत नव्हता. सगळं जग धुतलं गेलंय की मी? मला काही कळेना. प्याल्यातलं काय आणि माझ्यातलं काय, यांच्यामधली भिंत पडली होती, आणि मी कुठल्या खोलीत उभा आहे हेच समजत नव्हतं. एकदा तर मी नुसत्या पाण्याचा प्याला उचलला आणि मला त्यात अक्रोडाच्या हिरव्या सालीचा वास आला. इतका खरा की डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी ते दुपारीच आले. बेसिक पुढे, नवा शर्ट, कानापर्यंत लाल. आणि मागे त्याचे वडील अंब्रोसी, दारातून आडवे होऊन आत आले एवढे रुंद खांदे, आणि दोन्ही हातांत वेताच्या टोपलीत बसवलेली काचेची मोठी बरणी, जणू तान्हं बाळ घेऊन आलेत. बायको नाही, ती कधीच गेलेली. भाऊ होता सोबतीला, पावले नावाचा, तो मागच्या हिवाळ्यात गेला. हे मला तेक्लेनं सांगितलं होतं आणि अजिबात विसरू नकोस म्हणून बजावलं होतं. "व्याही," अंब्रोसी बरणी खाली ठेवून म्हणाले, "या वर्षीची जरा... म्हणजे मी आधीच सांगून टाकतो..." आता हा वाइनबद्दल बोलणार, मला काहीतरी विचारणार, इथेच, दारात! "आधी बसा हो!" मी जवळजवळ ओरडलोच. "वाइनचं मेजावर. आमच्याकडे उभ्यानं वाइनबद्दल बोलत नाहीत." असा काही नियम नाही. ते बिचारे बरणीकडे बघत राहिले.

मेज भरलं होतं. अक्रोडाच्या रश्श्यातली कोंबडी, वांगी, चीज भरलेली खाचापुरी, हिरव्या पाल्याचे ढीग, मुर्मानचा पाव. माझा मेहुणा वाझा तमादा झाला. मेजावर कुणासाठी, कधी आणि किती बोलून प्यायचं हे तमादा ठरवतो, आणि वाझाला तर हे काम पोटापाण्याच्या धंद्यापेक्षा जास्त आवडतं. पाहुण्यांची वाइन पहिली, असं त्यानं जाहीर केलं, आणि पहिला प्याला गेलेल्यांसाठी. पावलेसाठी, अंब्रोसींच्या पत्नीसाठी, माझ्या वडिलांसाठी. आम्ही उभे राहिलो, पावाच्या तुकड्यावर दोन दोन थेंब सांडले आणि प्यायलो. मी रंग बघितला: फिका, किंचित गढूळ, तसा असतो. जिभेच्या कडांना आंबट. तुरट नाही. ठीक. चाललंय. मग माझ्या लक्षात आलं, की मेज एकदम गप्प झालंय. प्याला खाली ठेवताना कुणी "वा" म्हटलं नाही. त्सियाला ताटातल्या कोथिंबिरीकडे बघत होती. वाझानं मिशी पुसली, मग पुन्हा पुसली. अंब्रोसी कुणाकडेच बघत नव्हते, त्यांची मान लाल झाली होती. गेलेल्यांची आठवण आहे, मी मनात म्हटलं, माणूस गप्प होतोच. आणि तरी मी एकेकाचा चेहरा बघू लागलो. यांना कळलं की काय? मी प्याला नाकाशी नेला नाही का? नेला. नेला ना? मला आठवेना. एरवी मी प्याला आधी नाकाशी नेतो, ही गोष्ट इतकी आपोआप होते की केली की नाही हे सांगता येत नाही. आज मात्र सगळं हातानं करावं लागत होतं, चालताना पाय मोजल्यासारखं.

"दाजी," वाझा मोठ्यानं म्हणाला, शांतता मोडावी म्हणून म्हणाला असेल, "तुम्ही आज इतके गप्प? तेक्लेच्या सासरच्यांना वाटेल, आम्ही उगीच बढाया मारतो. डोळे मिटा. दोन प्याले देतो. कुठली कुणाची सांगा." "वाझा, राहू दे," त्सियाला म्हणाली. "असं कसं राहू दे?" त्याला आता थांबवता येत नव्हतं, आणि ओळखणं तर सोपंच, चहात आणि लिंबूपाण्यात फरक सांगण्याइतकं सोपं, हेही त्याला माहीत होतं. मी डोळे मिटले. पहिला घोट. हिरड्या आवळल्या. "ही माझी," मी म्हणालो. दुसरा घोट. कडांना आंबट, आणि पुढे मोकळं रान. "ही अंब्रोसींची." कुणी टाळी वाजवली, बेसिकनं बहुतेक. मी डोळे उघडले नाहीत. उघडले की सगळे माझ्याकडे बघत असणार. आणि तेवढ्यात तेक्लेचा आवाज, बारीक, घाबरलेला: "बाबा, पुरे आता. जेव ना." तेक्ले कधी घाबरत नाही. ती का घाबरली? माझ्यासाठी? तिला कळलंय. सगळ्यांना कळलंय. आता गप्प बसलो तर मेलो. नाक गेलेला माणूस गप्प बसतो. नाक असलेला माणूस बोलतो.

आणि मी बोलायला लागलो. काय काय बोललो ते मला नंतर इतरांकडून कळलं. मी म्हणालो, या प्याल्यात बिही आहे. टोपलीतली नाही, ओसरीत फळीवर मांडलेली, सबंध घर जिच्या वासानं भरून जातं आणि जी कुणी खात नाही, नुसती ठेवून देतात. मी म्हणालो, यात नदीतला ओला दगड आहे, बाभळीचं फूल आहे, दारात उभं राहून पाहुण्याला प्याला देणारी बाई आहे. आमची काखेतीची वाइन माणसाला बसवून ठेवते, मी म्हणालो, आणि तुमची उठवून नाचायला लावते, आणि घरात दोन्ही लागतात, नाहीतर पोरांनी कुणाकडून काय शिकायचं? मी म्हणालो, अशी इमेरेती मी तरुणपणी एकदा प्यायलो होतो, त्यानंतर आजच. हे सगळं खरं होतं. फक्त प्याल्यात होतं की नाही, ते मला माहीत नव्हतं. शेवटी डोळे उघडले, माझ्या वाइनचा प्याला बाजूला सारला आणि अंब्रोसींची वाइन भरलेल्या सुरईकडे हात केला. "मला हीच ओत, वाझा. जेवणभर हीच." आणि सगळ्यांसमोर अख्खा प्याला एका दमात संपवला.

कुणी हललं नाही. मग अंब्रोसी उठले. खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचलली नाही. मेजाला वळसा घालून ते आले आणि त्या रुंद खांद्यांत त्यांनी मला असं काही घट्ट धरलं, की माझा चष्मा वाकडा झाला. ते रडत होते. एवढा मोठा माणूस, हमसून हमसून. माझ्या कानाशी पुटपुटत होते, आणि मला अर्धंच ऐकू येत होतं. "रांजणात तोच उतरायचा, पावले... माझे हे खांदे तोंडातून आत जात नाहीत हो... लांब काठीला कुंचा बांधून वरून घासला... वसंतात उघडला तेव्हाच कळलं मला... गाडीत पोराला म्हटलं, मागे फिरव... तुमच्यासारख्या माणसाला सगळ्यांच्या आधी कळलं असणार, आणि तरी तुम्ही..." मी त्यांच्या पाठीवर थापटत होतो. का थापटतोय हे मला समजत नव्हतं. काय कळलं असणार? पलीकडून वाझा प्याला उंच धरून उभा राहिला. "मी दाजींना तीस वर्षं ओळखतो," तो म्हणाला, "नाकामुळे ओळखतो, असं समजत होतो. आज मला माणूस कळला. जुंबेरसाठी!" सगळे उभे राहिले. सगळे माझ्यासाठी प्यायले, त्या सुरईतलीच, आणि आता कुणीच तोंड वाकडं करत नव्हतं.

मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो. तेक्ले मागून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "बाबा, तू ना... मला वाटलं तू तोंड उघडशील आणि संपलं सगळं. तू कसली प्यायलास ती! ओल्या गोणपाटाचा वास, बाबा, पाणी शिरलेल्या तळघराचा! मला तर ओकारी आली होती. आणि तू अख्खा प्याला..." तिनं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "बेसिक बाहेर रडतोय. आयुष्यात विसरणार नाही म्हणतो." ती गेली. मी नळ सोडला आणि तसाच उभा राहिलो. पाणी वाहत होतं. कुबट. न धुतलेल्या रांजणाचा कुबट वास, ज्याला वडील जन्मभर घाबरले, जो मी शेकडो पिंपांमध्ये नुसत्या झाकणावरून पकडून परत पाठवला. तो माझ्या नाकाखालून गेला, मी त्याला बिही म्हटलं, आणि माणसं माझ्या मोठेपणावर रडतायत. मला हसू यायला लागलं, मग लाज वाटली, मग भीती, मग पुन्हा हसू. यातलं खरं कुठलं? बाहेर जाऊन सांगावं का, की अहो, मी थोर नाही, मी आंधळा आहे? म्हणजे मग अंब्रोसींच्या हाती काय उरणार? एका नाक नसलेल्या माणसानं केलेली स्तुती. मी नळ बंद केला, पाण्याचा जग भरला आणि बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. जेवणभर तीच प्यायलो.

ऊन उतरायच्या आत ते निघाले, रस्ता लांबचा होता. अंब्रोसींनी उरलेली बरणी बेसिकला उचलू दिली नाही. "ही तुमची, व्याही. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही." जिन्यात वळून त्यांनी पुन्हा हात केला. दार लावून मी आलो तेव्हा त्सियालानं मेजाचं एक टोक रिकामं केलं होतं. त्यावर ती बरणी, दोन स्वच्छ प्याले, आणि मुर्मानचा उरलेला पाव. "बस," ती म्हणाली. मी बसलो. "राजमा तळाला लागला होता," ती म्हणाली. "त्या दिवशी. पातेलं काळं झालं होतं, शेजारीण विचारायला आली, काय जळतंय म्हणून. आणि तू म्हणालास, छान. तीस वर्षांत माझ्या राजम्याला तू छान म्हटलं नाहीस, जुंबेर." मी प्याल्याच्या बुडाशी बोट फिरवत राहिलो. "मग बोलली का नाहीस?" "तू बोलशील म्हणून." "मला वाटलं, येईल परत." "येईलही," ती म्हणाली. "उद्या कामावर सांग. नीट सांग, सर्दी वगैरे नाही. पण अंब्रोसींना नाही. कधीच नाही." मी मान हलवली. ते मलाही समजलं होतं. त्या दिवशी तेवढं एकच मला स्पष्ट समजलं होतं.

तिनं बरणी तिरकी करून दोन्ही प्याले भरले. ती वाइन फारशी पीत नाही, आणि असली तर कुणीच पिणार नाही. तिनं प्याला नाकाशी नेला. मी बघत होतो. आयुष्यभर लोक माझ्याकडे असे बघत आले, तसा मी तिच्याकडे बघत होतो. "ओलं गोणपाट," ती म्हणाली. "तळघर." "आणि?" तिनं घोट घेतला, डोळे मिटले आणि वेळ घेतला. खिडकीतून ऊन तिच्या हातावर पडलं होतं, खाली मुर्मान संध्याकाळच्या पावांची फळी लावत असल्याचा आवाज येत होता. "खाली," ती म्हणाली, "अगदी खाली, बिही आहे." मी माझा प्याला उचलला, नाकाशी धरला आणि श्वास आत ओढला. हवा आली. तिचं अर्धं रक्त साखरेचं आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी विचारलं, "कच्ची की पिकलेली?"

"पिकलेली," त्सियाला म्हणाली.